आज झोपण्याआधी रिमोटचं मागचं झाकण बघा

हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, किंवा रविवारी नातवंडं येणार असतील, तर दिव्यांच्या माळेचा तो चपटा, पातळ रिमोट शोधा. त्याची खालची छोटी ट्रे नखाने ओढून बघा. आली ना बाहेर? मग ती तुमच्या दीड वर्षाच्या बाळालाही ओढता येते.

आत जी चकचकीत चकती आहे, तिला आपण बटन सेल म्हणतो. तिच्यावर बहुतेक सीआर 2025 किंवा सीआर 2032 असं लिहिलेलं असेल. 20 मिलिमीटर रुंद, फार तर 3.2 मिलिमीटर जाड. जवळपास रुपयाच्या नाण्याएवढी. लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकावी, अशाच मापाची. तिथे अडकली की ओल मिळते, वीज वाहू लागते आणि चकतीच्या ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो. तुंबलेल्या मोरीत आपण कॉस्टिक सोडा ओततो ना, त्याच जातीचा. दोन तासांत अन्ननलिका खोलवर भाजते. कधी कधी त्याहून लवकर.

हे मी पुस्तकी सांगत नाही. मी मुलुंडला राहतो. मुलगा आणि सून सकाळची लोकल धरतात, नातू दिवसभर आम्हा दोघांकडे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी स्वयंपाकघरातला वजनकाटा जमिनीवर पालथा पडलेला दिसला. झाकण उघडं, सेल गायब. नातू शेजारी बसून खुदुखुदु हसत होता. मी काय केलं असेल? त्याला केळं भरवलं! माझ्या धाकट्या भावाने लहानपणी दहा पैशांचं नाणं गिळलं होतं, तेव्हा आईने दोन दिवस केळी खाऊ घातली आणि तिसऱ्या दिवशी नाणं पडलं. त्या आठवणीच्या भरवशावर मी चाळीस मिनिटं घालवली. मग सेल दिवाणाखाली सापडला. माझ्या शहाणपणामुळे नव्हे, निव्वळ नशिबाने आम्ही वाचलो.

पुढच्या रविवारी मी एक उद्योग केला. बोनलेस चिकनचा एक ओला तुकडा ताटलीत ठेवला, त्यावर तो सेल ऋण बाजू खाली करून ठेवला आणि वर दुसरा तुकडा झाकला. थोड्याच वेळात कडेने बारीक फेस येऊ लागला. तासाभराने खालचा तुकडा तपकिरी पडला. दोन तासांनी वरचा तुकडा उचलून सेल काढला, तर खाली काळा, बुळबुळीत खड्डा होता. त्या रविवारी मला जेवण गेलं नाही.

नाण्यात वीज नसते, सेलमध्ये असते. म्हणून केळ्याचा उपाय इथे विसरा. तुमच्या आईला सांगा, सासूबाईंना सांगा, मुलाला सांभाळायला येणाऱ्या मावशींना सांगा. पाळणाघरातही सांगा. आजच सांगा.

आणि उठा. घरभर फिरा. आपण काही बेफिकीर माणसं नाही. उलट मुलांच्या काळजीपोटीच तर ही सगळी उपकरणं आपण घरात आणली. ताप बघायला डिजिटल थर्मामीटर, रात्री बाळ घाबरू नये म्हणून छोटा दिवा, गाणं म्हणणारी बाहुली, शाळेच्या बसचा पत्ता लागावा म्हणून दप्तरात अडकवलेला ट्रॅकर. सगळं उपयोगाचं आहे, यातलं काहीही फेकून द्या असं मी म्हणत नाही. माझ्या नातवाच्या छोट्या पिशवीतही ट्रॅकर आहे. पण बघा, मूल हरवू नये म्हणून घेतलेल्या त्या डबीच्या पोटातही हीच चकती बसलेली असते.

प्रत्येक वस्तू उलटी करून बघा. झाकणाला स्क्रू आहे का? असला तर घट्ट पिळा. नसला तर झाकणावर रुंद, चिवट टेप दोन वेळा गुंडाळा आणि ती वस्तू मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. सेलोटेप आणि रबरबँड लावून जगवलेला रिमोट कुठल्या मराठी घरात नाही? माझ्याकडे दोन होते. रबरबँड हे झाकण नव्हे. तो रिमोट आज कपाटात वर टाका.

पुढचे दिवस तर जास्तच जपायचे. नवरात्र येईल, दिवाळी येईल. बोरिवलीच्या गरब्याला लुकलुकणारे हेअरबँड, लोकलमध्ये वीस-तीस रुपयांना मिळणारे चमकणारे भोवरे, घाटकोपरच्या बाजारातल्या सेलवरच्या पणत्या. पणती वाऱ्याने विझेल किंवा पडेल म्हणून आपण सेलवाली घेतो आणि रांगोळीशेजारी, बरोबर बाळाच्या हाताशी मांडतो. खेळण्यांना भारतात 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तेवढं चिन्ह बघूनच खेळणं घ्या. पण पणती, रिमोट, वजनकाटा ही खेळणी नव्हेत. तिथे तुमचे डोळे हीच तपासणी.

अमेरिकेत टेक्सासमध्ये 2020 साली दीड वर्षाच्या रीस नावाच्या मुलीने रिमोटमधला सेल गिळला. सुरुवातीला घशाचा संसर्गच वाटला होता. ती त्याच वर्षी डिसेंबरात गेली. 2022 मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. घरातल्या उपकरणांमधले असे सेल मुलांच्या हाती लागणार नाहीत अशीच झाकणं हवीत, असं तो सांगतो. आपण कायद्याची वाट बघत बसायचं का? घरातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढायला कुणाची परवानगी लागते?

आता नीट वाचा, कारण हे घाईच्या वेळी आठवायला हवं. सेल गिळलेलं मूल रडेलच असं नाही. लाळ गळते, जेवण नको म्हणतं, खोकतं, ओकतं, श्वासाला आवाज येतो. पावसाळ्यात असं प्रत्येक दुसऱ्या मुलाला होतं. आणि कधी कधी काहीच होत नाही. म्हणून सेल सापडत नसेल आणि मूल जवळ असेल, तर गिळलाच असं धरा आणि निघा. उलटी काढायला लावू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, अपवाद फक्त मधाचा. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, नीट गिळत असेल आणि घटनेला बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधाने भाजणं थोडं मंदावतं, इतकंच. सेल बाहेर काढावाच लागतो. घरात मध नसेल तर तो आणायला दुकानात थांबू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, सेल गिळला तरी नाही, बारशाला आत्याबाईंनी हट्ट धरला तरी नाही. सेल नाकात किंवा कानात गेला असेल तर थेंब घालू नका, ओलीने तो जास्त भाजतो.

दवाखान्यात पोचताच पहिलं वाक्य हे बोला: ‘बटन सेल गिळला असावा, आधी एक्स-रे काढा.’ रांगेत उभं राहून केसपेपर करून मग सांगू, असं करू नका. एक्स-रेत नाण्याची कडा एकेरी दिसते, सेलची दुहेरी, एका वर्तुळात दुसरं. सेलचं पाकीट किंवा तीच वस्तू सोबत न्या. आणि सेल काढला म्हणजे सुटलो, असंही समजू नका. भाजलेली जागा नंतरही फाटू शकते. डॉक्टर पुन्हा बोलावतील तेव्हा जा.

संध्याकाळी सातला अंधेरीहून हायवेला लागलात किंवा घाटकोपरला एलबीएस मार्गावर अडकलात, तर दोन तास म्हणजे किती, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून दवाखाना आजच ठरवून ठेवा. राजावाडी, कूपर, परळचं वाडिया, नाहीतर तुमच्या गल्लीजवळचं खासगी रुग्णालय, जे असेल तिथे उद्या सकाळी फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा. रात्री एक्स-रे निघतो का? लहान मुलाच्या अन्ननलिकेतून दुर्बिणीने वस्तू काढणारे डॉक्टर आहेत का? नसतील तर कुठे आहेत, तेही विचारून घ्या. उत्तर फ्रिजवर चिकटवा. खाली 108 लिहा.

आणि एक विनंती. संपलेला सेल सुक्या कचऱ्यात टाकू नका. खेळणं चालेनासं झालं तरी सेलमध्ये गळा भाजण्याइतकी वीज उरलेली असते. आपला कचरा शेवटी कुणीतरी हाताने वेचतं, आणि वेचणाऱ्या बाईचं मूल बरेचदा शेजारीच बसलेलं असतं. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, उंचावरच्या बरणीत साठवा आणि ई-कचरा नेणाऱ्याकडे द्या. सोसायटीत एक बरणी ठेवायला सेक्रेटरी नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तर मला सांगा, मी येऊन चिकनची ताटली दाखवतो!

आमच्या दोन खोल्यांत अकरा सेल निघाले. तुमच्या घरात किती आहेत, ते आज मूल झोपल्यावर मोजा.