दृढीकरणाला धर्मपालक गावातलाच हवा

कॅथॉलिक घरातले मूल माध्यमिक शाळेत पोचले की दृढीकरणाची तयारी सुरू होते. तान्हेपणी बाप्तिस्मा झाला, तेव्हा श्रद्धेचा होकार त्याच्या वतीने आईबापांनी आणि गॉडफादर-गॉडमदरनी दिलेला असतो. आता तोच होकार बिशपांसमोर त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचा असतो. रविवारी मिस्सा संपल्यावर धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात, बिशपांच्या येण्याची तारीख ठरते, नवे कपडे शिंप्याकडे पडतात आणि मग रात्री जेवताना विषय निघतो: धर्मपालक कोण? बोलण्यात सगळे सरळ ‘स्पॉन्सर’च म्हणतात. मुंबईच्या आत्याला धाकट्याच्या वेळी विचारले नाही म्हणून ती अजून धुसफुसते आहे. वसईच्या काकांनी घर बांधताना हात दिला होता. गोव्याच्या मावशीने बाप्तिस्म्याला सोन्याची साखळी घातली होती. अशा हिशेबात अर्ध्या तासात नाव ठरते, फोन होतो आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे ते पोर तोवर ताट उचलून निघूनही गेलेले असते. सोलापूरसारख्या ठिकाणी ही निवड मानपानाच्या निकषावर होते आणि तिथेच ती फसते, असे माझे मत आहे. दृढीकरणाचा धर्मपालक गावातला, त्याच धर्मग्रामातला आणि मुलाला आठवड्याला दिसणारा असावा.

या माणसाचे काम काय, ते आधी पाहू, कारण ज्यांचा चर्चशी संबंध नाही त्यांना हा प्रकार निव्वळ समारंभाचा वाटू शकतो. विधीत त्याचा भाग जेमतेम मिनिटभराचा. उमेदवार बिशपांसमोर उभा राहतो, धर्मपालक मागून त्याच्या खांद्यावर उजवा हात ठेवतो, बिशप अंगठा क्रिझ्मात बुडवून कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकारण्याचे शब्द उच्चारतात. क्रिझ्म म्हणजे ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून बिशपांनी पवित्र केलेले तेल. त्याचा वास कपाळाला बराच वेळ राहतो. पण १९८३च्या कॅनन कायद्याचे ८९२वे कलम वाचले तर खरे काम त्या मिनिटानंतर सुरू होते. दृढीकरण झालेली व्यक्ती ख्रिस्ताची खरी साक्षीदार म्हणून वागते आहे की नाही आणि या संस्काराबरोबर आलेली कर्तव्ये पाळते आहे की नाही, याची काळजी धर्मपालकाने घ्यायची, असे ते कलम सांगते. पात्रतेच्या अटी ८७४व्या कलमात आहेत: सोळा वर्षे पूर्ण, स्वतः दृढीकरण झालेला, ख्रिस्तप्रसाद घेणारा, श्रद्धेला साजेसे जगणारा कॅथॉलिक. यातली शेवटची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते: उमेदवाराचे आईवडील धर्मपालक होऊ शकत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाला ज्या शंका आईबापांसमोर काढता येत नाहीत, त्या ऐकायला घराबाहेरचे एक वडीलधारे माणूस जबाबदारीने बांधून द्यायचे, अशी ही सोय आहे. आता हे माणूस साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर राहत असेल आणि वर्षातून एकदा नाताळला भेटत असेल, तर सोय कागदावरच राहिली.

आरंभीच्या चर्चने हे ओळखले होते. त्या काळी बाप्तिस्मा आणि दृढीकरण एकाच विधीत होत आणि उमेदवार बहुधा प्रौढ असत. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू बाई जेरुसलेमला गेली होती. तिच्या प्रवासवर्णनात उमेदवारांची नावे नोंदवण्याचा प्रसंग बारकाईने आला आहे. पुरुष आपल्या धर्मपित्याबरोबर आणि बायका धर्ममातेबरोबर येत. बिशप प्रत्येकाच्या शेजाऱ्यांना विचारत: याची चालचलणूक कशी आहे, हा आईबापांना मानतो का, दारूडा आहे का, खोटारडा आहे का? उत्तरे समाधानकारक असतील तर बिशप स्वतःच्या हाताने नाव लिहीत, नसतील तर सुधारून या म्हणून परत पाठवत. परक्या मुलखातून आलेल्याला ओळखणारे कोणी नसेल तर त्याला बाप्तिस्मा सहजी मिळत नाही, असेही ती नोंदवते. म्हणजे साक्ष देण्याचा अधिकार येत होता तो रोजच्या ओळखीतून. त्याच्याही आधी, इसवी सन २००च्या सुमारास, तेर्तुलियनने लहान मुलांच्या बाप्तिस्म्याबद्दल लिहिताना धर्मपालकांची काळजी केली होती. हे लोक शब्द देऊन बसतात, पण उद्या ते मेले किंवा मूल वाईट निघाले तर त्या शब्दाचे काय, असा त्याचा सवाल होता. आज हा सवाल कोणाला पडत नाही. पतसंस्थेच्या पन्नास हजारांच्या कर्जाला जामीन राहायचे तर आपण कर्जदाराचा पगार, सवयी आणि मागची थकबाकी सगळे चौकशी करून घेतो. मुलाच्या श्रद्धेला जामीन राहणाऱ्याला मात्र त्याची इयत्तासुद्धा विचारून घ्यावी लागते.

मग ही गाडी मानपानाकडे कशी वळली? इटालियन इतिहासकार गुइडो अल्फानी यांनी बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदींवरून याचा एक भाग उलगडला आहे. मध्ययुगाच्या अखेरीस इटलीच्या अनेक भागांत एका मुलाला कितीतरी धर्मपालक असत आणि त्यांत व्यापारातले भागीदार, शेजारी, गरीब, श्रीमंत असे सगळे असत. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ही संख्या एकावर किंवा एक पुरुष आणि एक स्त्री यांवर आणली. हेतू चांगला होता, नात्यांचा गुंता कमी करण्याचा. पण जागा एक-दोनच उरल्यावर लोकांनी त्या वजनदार माणसांना द्यायला सुरुवात केली. याचे टोक २०२१मध्ये सिसिलीतल्या कातानिया धर्मप्रांतात दिसले. तिथल्या आर्चबिशपांनी बाप्तिस्मा आणि दृढीकरण या दोन्ही वेळी धर्मपालक नेमण्याची प्रथाच तीन वर्षांसाठी स्थगित केली. ही जागा ओळखीपाळखी वाढवण्याची आणि आहेराची झाली आहे, श्रद्धेशी तिचा संबंध उरलेला नाही, असे तिथल्या चर्चचे म्हणणे होते. सिसिलीत ‘गॉडफादर’ या शब्दाला चिकटलेले दुसरे अर्थ आपल्याला सिनेमामुळे ठाऊक आहेतच. रोग त्यांनी बरोबर ओळखला, पण इलाज मला पटत नाही. पद रिकामे ठेवल्याने मुलाला घराबाहेरचे माणूस मिळत नाही. ते मिळण्यासाठी निवडीची रीत बदलावी लागते.

सोलापुरात ती बदलण्याची गरज अधिक आहे, आणि त्याचे कारण शहराच्या घडणीत आहे. १८६०मध्ये इथे रेल्वे आली, १८७७मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग म्हणजे आपली जुनी मिल उभी राहिली आणि चहूबाजूंनी माणसे पोट भरायला आली. नोकरीमागून आलेल्या कॅथॉलिक कुटुंबाचे मूळ घर कुठे कोकणपट्टीत, कुठे नगरच्या खेड्यात, कुठे दक्षिणेत. घरात बोलायची भाषा एक, मिस्सेची दुसरी, गल्लीतली तिसरी. संख्याही तुटपुंजी. २०११च्या जनगणनेनुसार अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याच्या आत होते आणि त्यांची दाटी मुंबई, वसई आणि कोकणाकडे. त्यामुळे सोलापूरच्या कॅथॉलिक मुलाचे आप्त बाहेरगावी आणि रोजचे जग मात्र इथले, अशी विभागणी असते. वर्गात बहुधा तो एकटाच ख्रिस्ती. नाताळला घरी केक खायला येणारे मित्र त्याला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे वसईच्या काकांना सुचणार नाहीत, कारण वसईत ते प्रश्न कोणी तसे विचारत नाही. इथे अल्पसंख्य म्हणून, पण बुजून न जाता कसे जगायचे, हे इथे तसे जगलेल्या माणसालाच ठाऊक असते: रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शाळेतल्या बाई, रुग्णालयातल्या परिचारिका, चर्चमध्ये पेटी वाजवणारा एखादा पंचविशीतला तरुण.

यावर पहिला आक्षेप खुद्द कायद्याच्या पुस्तकातून येतो. ८९३वे कलम म्हणते की बाप्तिस्म्याला जो धर्मपालक होता तोच दृढीकरणाला असणे इष्ट. दोन्ही संस्कारांची सांगड दिसावी, हा त्यामागचा विचार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या सुधारणांतून आला आणि १९७१च्या नव्या दृढीकरणविधीतही तो होता. मला तो विचार कळतो. पण १९१७चा कायदा नेमका उलटे सांगत होता: दृढीकरणाचा धर्मपालक बाप्तिस्म्याच्या धर्मपालकाहून वेगळा असावा. पन्नास-साठ वर्षांत चर्च एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाऊ शकले, यावरून हा श्रद्धेच्या गाभ्याचा भाग नसून व्यवहाराचा आहे, एवढे तरी निघतेच. शिवाय आजचे कलमही ‘इष्ट’ म्हणते, ‘आवश्यक’ नाही. बाप्तिस्म्याचे धर्मपालक गावातच असतील आणि मुलाशी त्यांचे बोलणे-चालणे असेल तर फारच उत्तम, त्यांनाच करावे. नसतील तर जुन्या नियमात सोलापूरसारख्या गावांसाठी जास्त समज होती, असे म्हणायला मी कचरणार नाही. मुलाच्या वाट्याला त्यामुळे दोन माणसे येत: एक जन्मापासूनचे आणि एक कळत्या वयातले.

दुसरा आक्षेप नातलगांच्या बाजूने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. नाते तुटत नाही. शेजारी मात्र बदली होऊन जातो, भांडतो, चर्च सोडतो. खरे आहे. पण मुलेच कुठे थांबतात? बारावी झाली, फार तर पदवी झाली की सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पोरे पुण्याला जातात आणि त्यांतली बरीच तिकडेच राहतात. मग गावातला धर्मपालक तरी काय उपयोगाचा, असे कोणी म्हणेल. उपयोग असा की अडीचशे किलोमीटरवरून फोन करावासा वाटण्यासाठी आधी तीन-चार वर्षे समोरासमोरची ओळख लागते. हिंजवडीतल्या खोलीवर चर्चला जाणे सुटलेल्या, किंवा दुसऱ्या धर्मातल्या मुलीशी लग्न करायचे म्हणून घरी काय सांगावे या पेचात पडलेल्या मुलाला, पंधराव्या वर्षी आपले म्हणणे न हसता ऐकणारा माणूस आठवेल. साखळी देणारी मावशी त्याला आवडत असेल, पण हा विषय तो तिच्याकडे काढणार नाही. काढला तर रात्रीपर्यंत आईला कळेल, हे त्याला पक्के ठाऊक असते.

तिसरी अडचण संख्येची, आणि तिच्यात सोलापूरचा एक खास पेच आहे. इथे ख्रिस्ती म्हटले की अनेकांना आधी आठवते ते एकोणिसाव्या शतकात आलेले अमेरिकन मराठी मिशन आणि त्याच्या शाळा. ती परंपरा पुढे १९७०मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिळाली. कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट घरांत सोयरिकी होतात. मग एखाद्या मुलीच्या आयुष्यातले सर्वांत श्रद्धाळू आणि विश्वासाचे माणूस तिची प्रॉटेस्टंट मामी असू शकते, आणि कायद्याने ती धर्मपालक होऊ शकत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी कॅथॉलिक धर्मपालकाच्या जोडीला साक्षीदार म्हणून उभे राहण्याची तेवढी तिला मुभा आहे. हे बोचते. तरी अट अन्यायाची आहे असे मला वाटत नाही. जो संस्कार आपण घेतलेला नाही, त्याची कर्तव्ये दुसऱ्याला कशी शिकवायची? मामीचा अधिकार मामी म्हणून आहेच आणि त्याला बिशपांच्या शिक्क्याची गरज नाही. राहिला प्रश्न पुरेशी माणसे मिळण्याचा. त्यासाठी एकाच प्रतिष्ठित गृहस्थाला दर वर्षी चार-चार उमेदवारांमागे उभे करण्याची खोड आधी सोडावी लागेल. वयाची अट सोळाची आहे, साठीची नाही. वीस-बावीस वर्षांची, नुकतीच शिक्षिका झालेली मुलगी या कामाला नगरसेवकापेक्षा सरस ठरेल.

शेवटची शंका आईबापांच्या मनात असते आणि ती बोलून दाखवायला ते संकोचतात. नात्याबाहेरचा मोठा माणूस आपल्या वयात आलेल्या मुलाशी किंवा मुलीशी एकांतात बोलणार, हे कितपत सुरक्षित? जगभरच्या चर्चने या बाबतीत जे पाहिले आणि लपवले, त्यानंतर ही शंका गैर म्हणता येत नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्ध आपला पॉक्सो कायदा २०१२चा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९मध्ये चर्चमधल्या अशा तक्रारींसाठी स्वतंत्र नियम घालून दिले. नातलग म्हणजे सुरक्षित हे गृहीतकही या गुन्ह्यांत टिकत नाही, कारण त्यांत ओळखीची आणि घरातली माणसेच अधिक सापडतात. तेव्हा धर्मपालक कोणीही असो, भेटी उघड्यावर व्हाव्यात: मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात, घरी आईवडील असताना, युवा गटाच्या कार्यक्रमात. शेजारच्या धर्मपालकाला सगळे धर्मग्राम पाहत असते, हा त्याच्या बाजूचा मुद्दा आहे.

धर्मगुरूंनी हे अमलात आणायचे तर फार मोठी योजना नको. नावे सध्या समारंभाच्या तोंडावर मागितली जातात, ती वर्ग सुरू होतानाच मागावीत. नाव मुलाने सुचवावे आणि आईबापांनी हरकत असेल तर सांगावी. वर्गांपैकी निदान काहींना धर्मपालकाने मुलाशेजारी बसावे. ज्याला तेवढे जमणार नाही त्याने नम्रपणे नकार द्यावा, त्यात अपमान नाही. मुंबईच्या आत्यासाठी पुढच्या बाकावर जागा ठेवता येते, केक तिच्या हातून कापता येतो, फोटोत तिला मधे उभे करता येते. आणि इतके करूनही योग्य माणूस मिळालाच नाही, तर ८९२व्या कलमाच्या सुरुवातीलाच ‘शक्यतोवर’ असा शब्द आहे: धर्मपालकाशिवाय दिलेले दृढीकरणही पूर्ण आणि वैध असते. तेव्हा भिडेखातर कोणाला तरी उभे करण्याऐवजी त्या दिवशी ती जागा मोकळी ठेवायला हरकत नाही.