घरप्रपंच : मोठी दुरुस्ती

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने जुने घर दुरुस्त करून पाहिले नसावे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. नवे घर बांधणाराच्या हाती निदान नकाशा असतो. जुन्या घराची भिंत उकलेपर्यंत तिच्या पोटात काय आहे हे घरधन्यास ठाऊक नसते, गवंड्यासही ठाऊक नसते, आणि ज्या आजोबांस ठाऊक होते ते तसबिरीत जाऊन बसलेले असतात.

आमच्या साताऱ्याच्या शनिवार पेठेतील घराचे काम गेल्या वर्षीच्या माघात काढले, तेव्हापासून 'काम कोठवर आले?' अशी पृच्छा करणारी पत्रे येत आहेत. त्यांतील कित्येकांची घरे वाईस, कऱ्हाडास, मिरजेस अशाच अवस्थेत उभी आहेत, आणि ती राखावी की पाडावी या विवंचनेत ती मंडळी आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जे पुढे सरकले तेही सांगतो आणि जे अडले तेही सांगतो.

जुन्या घराचा खरा वैरी पाणी. सातारा आणि सांगली ही दोन्ही गावे कृष्णेच्याच खोऱ्यात, परंतु दोहोंचे पाण्याशी नाते निरनिराळे. महाबळेश्वरी, जेथे कृष्णा उगम पावते, तेथे वर्षास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. साताऱ्यास त्याचा सुमारे पाचवा हिस्सा मिळतो आणि सांगलीस सहाशे मिलिमीटरांच्या आसपास. पण माहुलीस वेण्णा आणि कऱ्हाडास कोयना पोटात घेऊन कृष्णा सांगलीस येते, तेव्हा वरचा सारा पाऊस ती बरोबर आणते. साताऱ्याच्या घरास पाण्याचे भय वरून, तर सांगलीच्या घरास खालून. म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी आपल्या घरात पाणी कोठून येते आणि कोठून जाते, एवढे एक वर्षभर पाहावे. रंग, फरश्या, दिवे यांचा विचार मागाहून.

आम्ही प्रथम छपरास हात घातला. महिनाभरात कौले उतरून, रिपा बदलून, पुन्हा शाकारून होईल असा अंदाज होता. कौले उतरली, आणि मिस्त्रीने सोप्यावरच्या तुळयांवर हातोडी वाजवून पाहिली. मधोमध आवाज खणखणीत, पण भिंतीत शिरलेल्या टोकांशी बद्द. सहांपैकी तीन तुळया टोकाशी कुजल्या होत्या. सागाचा गाभा वाळवीस सहसा दाद देत नाही, परंतु बारमाही ओलीपुढे त्याचेही चालत नाही. वळचणीजवळचे एक-दोन कौल फुटलेले. त्यातून पडणारे थेंब भिंतीत मुरत, आणि तुळईचे टोक नेमके तेथेच. घर कुलूपबंद असल्यामुळे हे कित्येक पावसाळे कोणाच्या दृष्टीस पडले नाही.

तुळया संपूर्ण बदलण्याचे कारण पडले नाही. खाली टेकू देऊन कुजका दीड हात भाग कापला, जुन्या सागाचा तुकडा सांधून लोखंडी पट्ट्यांनी आवळला. हे लाकूड पाडलेल्या वाड्यांचे सामान विकणाऱ्या एका वखारीतून आणले. दुसऱ्या कोणाच्या मोडलेल्या घराने आमचे घर उभे राहिले, याचे त्या दिवशी समाधान वाटले तसे वाईटही वाटले. महिन्याचे काम चार महिन्यांवर गेले. मृग लागण्यास आठ दिवस असता शेवटचे कौल चढले, आणि मागील दोन खण ताडपत्रीखालीच राहिले.

दुसरी अडचण भिंतींची. माजघराच्या भिंतींना पन्नास वर्षांपूर्वी, मजबुतीसाठी म्हणून, सिमेंटचा गिलावा दिलेला होता. दिसण्यात तो अजून ठीक होता. गवंड्याने टिकाव घालताच त्याचे पापुद्रे पत्र्यासारखे सुटून आले, आणि आतील माती हाताने उकरून काढता येईल इतकी ओली निघाली.

"काका, भिंतीचं तोंड दाबून धरलंय वं," तो म्हणाला. "तिला घाम आला तर तो जायचा कुठनं?"

यात शास्त्र आहे. दगडमातीची भिंत जमिनीतील ओल थोडी थोडी ओढते आणि अंगावरून हवेत सोडते. मातीचा वा चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट तिला अडविते. मग ओल वर चढत जाते, क्षार साठतात, लोणा लागतो, आणि शेवटी लाकडास जाऊन भिडते. सिमेंटास नावे ठेवण्याचे कारण नाही. धरणे आणि पूल त्यावर उभे आहेत. पण मातीच्या भिंतीशी त्याचा स्वभाव जुळत नाही, आणि न जुळणारे स्थळ कितीही चांगल्या घराण्यातले असले तरी करू नये.

सगळा गिलावा काढून भिंती एक उन्हाळा उघड्या ठेविल्या. त्यानंतर प्रथम भुसा कालवलेल्या मातीचा लेप आणि वर चुन्याचा पातळ थर दिला. चुना हे धीराचे काम आहे. कळी विझवून ती काही आठवडे पाण्याखाली मुरवावी लागते. थर पातळ द्यावे, दोन थरांमध्ये दिवस जाऊ द्यावे, ऊन लागते तेथे ओली पोती लावावी. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा पुन्हा दगड होतो, आणि ही क्रिया कोणाच्या घाईने लवकर होत नाही. हे काम जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. आमचा चुन्याचा गवंडी सत्तरीचा. त्याच्या हाताखाली दोन मुलगे शिकले, हा या दुरुस्तीतील एक लाभच आम्ही समजतो.

भिंत उघडी होती तेव्हाच आणखी एक काम उरकून घेतले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप साताऱ्यातील वृद्धांस अजून आठवतो. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीस जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. आपल्या जुन्या घरांत छपराचा भार बहुधा लाकडी खांब-तुळयांच्या चौकटीवर असतो. ही चौकट धड असली तर ती धक्का सोसते. जीव घेते ती जाड भिंत. ती एकसंध दिसते, पण पुष्कळदा आतले आणि बाहेरचे असे दगडांचे दोन पडदे असून मध्ये नुसती खडी-माती भरलेली असते. धक्क्यासरशी पडदे फाकतात आणि दगड माणसांवर येतात. दोन्ही पडद्यांस जखडणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड ठिकठिकाणी बसविले म्हणजे हा धोका पुष्कळ कमी होतो. किल्लारीनंतर दुरुस्तीच्या कामांत या उपायावर मोठा भर देण्यात आला. खर्च फार नाही. मात्र तो गिलाव्यापूर्वीच करता येतो.

आता सांगली. आमच्या आत्याबाई गावभागात राहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट मानतात. आत्याबाईंच्या माजघरात छातीइतके पाणी आठवडाभर उभे होते. ते ओसरले आणि तीन आठवड्यांत, २ सप्टेंबरला, गणेशचतुर्थी आली. आळीतील बहुतेकांनी गणपतीपूर्वी घर साजरे दिसावे म्हणून घाईघाईने गिलावे आणि रंग उरकले. आत्याबाईंच्या सूनबाईंचीही तीच इच्छा होती.

"अगं, गणपती काही रंग पाहायला येत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "त्या भिंतींना आधी वाळू दे."

त्या वर्षी गणपती उघड्या भिंतीसमोर बसला. दिवाळीस शेजारच्या घरांतील रंगांना फोड आले, आणि आत्याबाईंचा गिलावा पुढील फाल्गुनात लागला तो आजतागायत टिकला आहे. दारांचीही तीच गोष्ट. फुगून बसलेली दारे सुताराने रंधून देऊ केली, ती त्यांनी रंधू दिली नाहीत. भिजलेले लाकूड रंधले म्हणजे उन्हाळ्यात ते आटते आणि दारात बोटभर फट पडते. सहा महिन्यांनी तीच दारे आपोआप चौकटीत बसू लागली. त्यांनी बदलले ते एवढेच: विजेची बटणे डोक्याच्या उंचीवर नेली, धान्य आणि कागदपत्रे माळ्यावर चढविली, खालच्या खोल्यांत उचलता येणार नाही असे लाकूडसामान ठेविले नाही. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले तेव्हा या तीन गोष्टींनी घर वाचविले.

जुने तेवढे सारे राखावे, असे मात्र आमचे मत नाही. घर हे संग्रहालय नव्हे. म्हाताऱ्या माणसांस रात्री परसात जावयास लावणारा आणि सुनांस धुरात बसविणारा वाडा कितीही देखणा असला तरी त्यात कोणी राहणार नाही, आणि ज्यात कोणी राहत नाही ते घर टिकत नाही. आम्ही शौचकूप घरात आणला, ओटा उभ्याने स्वयंपाक करण्याजोगा केला, माजघराच्या अंधारात छपरातून काचेच्या कौलांनी उजेड घेतला. एवढेच पाहिले की नवा नळ मातीच्या भिंतीतून जाऊ नये. तो बाहेरून, दिसेल असा नेला. गळला तर त्याच दिवशी कळतो.

तिसरी अडचण माणसांची, आणि तीच सर्वांत मोठी. या भागातील आपली घरे ओस का पडली याची कारणे वाचक जाणतात. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर सातारा-सांगलीकडील अनेक ब्राह्मण घरांना आगी लावण्यात आल्या, आणि कित्येक कुटुंबे कायमची पुण्या-मुंबईस गेली. कुळकायद्याने जमिनी गेल्या. पुढे शिक्षण आणि नोकऱ्या यांनी उरलेल्यांस दूर नेले. घर मागे राहिले, आणि दरवर्षी कौले परतणारे हात मागे राहिले नाहीत.

आमच्या घराचे पाच हिस्से आहेत, त्यांत दोन बहिणींचे. वडिलार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हे २००५ च्या कायद्याने देशभर निश्चित झाले, आणि ते न्यायाचेच आहे. पण सह्या पाच हव्यात. भिंती वाळत असता एक बांधकाम व्यावसायिक आला आणि प्रत्येकास एक सदनिका देतो म्हणाला. धाकट्या चुलतभावास मुलाच्या शिक्षणासाठी पैशाची निकड होती. त्याने होकार द्यावा म्हटले. त्यास भावनाशून्य ठरविणे सोपे होते. परंतु ज्याच्या घरी फी भरावयाची आहे त्याने आजोबांच्या देवघराकडे पाहून ती कशी भरावी? तीन महिने काम बंद राहिले. एकमेकांस पाठविलेली पत्रे वाचावयास बरी नव्हती.

मार्ग निघाला तो थोरल्या बहिणीच्या हिशेबाने. तिने विचारले की घर राखावे म्हणणारे आपण चौघे त्याचा हिस्सा हप्त्यांनी विकत घेण्यास तयार आहोत काय. नसल्यास त्यास थांबवून धरण्याचा आपणांस अधिकार काय? तो हिस्सा आता चौघे मिळून घेत आहोत. दोन हप्ते दिले आहेत. एका भावाचे मुखत्यारपत्र परदेशातून यावयाचे आहे, ते अजून आलेले नाही.

वाईजवळ मेणवलीस नाना फडणवीसांचा वाडा आहे. नानांचे दफ्तर त्या वाड्यात पिढ्यानुपिढ्या राहिले आणि पुढे साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या हाती लागले. मराठी राज्याच्या कारभाराची ती कागदपत्रे कोरडी राहिली याचे श्रेय आपण संशोधकांस देतो. दर वैशाखात कौले परतणाऱ्या अनामिक माणसास त्यातला वाटा द्यावयास हवा.

या दीड वर्षात आम्हांस एवढे उमगले की मोठी दुरुस्ती ही राहून गेलेल्या लहान दुरुस्त्यांची बेरीज असते. जुन्या लोकांनी वाडे एकदाच दुरुस्त केले नाहीत. ते दरसाल थोडे थोडे करीत गेले. तेव्हा ज्यांचे घर अजून धड आहे त्यांनी वैशाखात कौले परतावी, आषाढात एकदा माळ्यावर बॅटरी घेऊन गळते कोठे ते पाहावे, आश्विनात पन्हळी आणि गटारे साफ करावी, माघात तुळयांच्या टोकांवर हातोडी वाजवावी. घर बंद असेल तर हिस्सेदारांनी पाळीने हे चार दिवस वाटून घ्यावे. आम्ही तसा कागद केला आहे. यंदाचा आश्विन धाकट्या बहिणीकडे आहे.

मागील दोन खणांचे काम दिवाळीनंतर सुरू होईल. तेथेच न्हाणीघर आहे, आणि तेथले पाणी कोठे मुरते याचा पत्ता अद्याप लागलेला नाही. लागला म्हणजे लिहू.