तांदळाचा कस कोंड्यात जातो



भात झोडून, वाळवून कणगीत पडले की गिरणीच्या खेपा सुरू होतात. तांदूळ पांढराशुभ्र करून आणण्याची हौस पुष्कळांना असते. पण तूस निघाल्यावर दाण्यावर जी तांबूस साल उरते, तिच्यातच ब जीवनसत्त्व, लोह आणि चोथा असतो. पॉलिश केले की ही साल कोंडा होऊन गुरांच्या आंबोणात जाते, आणि घरच्या बाळंतिणीसाठी टॉनिकची बाटली विकत येते!

जावा बेटावर १८९० नंतर डॉ. आइकमन यांना हेच दिसले. पॉलिशच्या तांदळावर कोंबड्या लुळ्या पडल्या, सालीच्या तांदळावर बऱ्या झाल्या. त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गिरणीत ‘नुसते तूस काढा’ असे सांगावे. हलरपेक्षा रबरी रुळांची गिरणी चांगली. सालीत तेल असल्याने हा तांदूळ लवकर खवट होतो. म्हणून महिन्यापुरताच काढावा, बाकीचे भात तसेच ठेवावे.

तांदूळ तासभर भिजवावा. वाटीला अडीच वाट्या पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास शिजवावा. सिंधुदुर्गातला लाल वालय पेजेला, आजऱ्याचा घनसाळ सुवासिक भाताला, वाड्याचा कोलम रोजच्या वरणभाताला घ्यावा. मुले कुरकुरली तर आधी मुगाची खिचडी करून वाढा.

बाजारात पांढरा खुशाल विका. घरच्या ताटात मात्र कसाचा तांदूळ असू द्या.