पाहुण्यांच्या जिवावर आत्मनिर्भरता?

दर १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांत वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या फोटोला हार घातला जातो आणि 'शास्त्रज्ञ व्हा, देश घडवा' अशी भाषणे होतात. एखाद्या मुलीने ते मनावर घेतले, रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि कलामांनी जिथे क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा केला त्या डीआरडीओच्या दारात ती जाऊन उभी राहिली, तर तिला काय मिळते? भाषणे करणारे हे सांगत नाहीत, म्हणून आपणच विचारू.

हे दार आपल्यापासून लांब नाही. पुण्यात पाषाणला शस्त्रास्त्रांची आणि स्फोटकांची प्रयोगशाळा आहे, दिघीला लष्करी अभियांत्रिकीची. अंबरनाथला नौदलासाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम चालते, अहिल्यानगरला वाहनांवर. अशा प्रयोगशाळांतून संशोधकांसाठी जाहिराती निघतात. पदव्युत्तरांसाठी ज्युनियर रिसर्च फेलो आणि पीएच.डी. झालेल्यांसाठी रिसर्च असोसिएट, म्हणजे आर.ए. पीएच.डी. नसेल तर एम.टेक. आणि तीन वर्षांचा अनुभवही चालतो. आर.ए.ला सध्या महिना ६७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. मुदत साधारण दोन वर्षांची, वयाची अट ३५. अनुसूचित जाती-जमातींना पाच आणि ओबीसींना तीन वर्षांची सवलत. मुलाखतीला स्वखर्चाने यायचे.

रक्कम वाईट नाही, हे मान्य. पण त्याच जाहिरातीत खाली एक ओळ असते : या फेलोशिपमुळे डीआरडीओत कायम होण्याचा कोणताही हक्क मिळणार नाही. सगळी मेख या ओळीत आहे. कायमची भरती वेगळ्या वाटेने होते. सुरुवातीच्या श्रेणीसाठी गेट परीक्षेचे गुण आणि मुलाखत, वरच्या श्रेणींसाठी अधूनमधून निघणारी थेट भरती. जिने दोन-तीन वर्षे त्याच टेबलावर, त्याच यंत्रावर काम केले, तिला पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. तिने शिकलेले कसब तिच्याबरोबर दाराबाहेर जाते आणि प्रयोगशाळा नव्या पाहुण्याला पहिल्यापासून शिकवायला घेते.

यात नुकसान फक्त त्या मुलीचे आहे का? स्फोटक किती तापमानाला बिघडते किंवा मिश्रधातूला तडा कुठून जातो, हे ज्ञान फायलीत मावत नाही. ते हाताला वर्षानुवर्षांच्या सवयीने येते. 'आत्मनिर्भर' हा शब्द ज्यांच्या तोंडी सतत असतो, त्यांनी हा हिशेब मांडायला हवा. घर बांधायचे आहे आणि गवंडी दर दोन वर्षांनी बदलायचा, असा हा कारभार आहे.

यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले : फेलोशिप म्हणजे प्रशिक्षण, नोकरी नव्हे. पदव्युत्तर मुलाच्या बाबतीत हे पटेल. पण पीएच.डी. होऊन तिशी ओलांडलेल्या, घरची जबाबदारी अंगावर असलेल्या माणसाला किती वर्षे 'शिकाऊ' म्हणणार? शिवाय ही रक्कम दरवर्षी वाढत नाही. केंद्र सरकारने संशोधकांच्या फेलोशिपचे दर २०१४ मध्ये ठरवले, मग २०१९ मध्ये, मग २०२३ मध्ये. आर.ए.ची वरची पायरी ४०,००० वरून ५४,००० आणि मग ६७,००० झाली. मधल्या वर्षांत महागाई वाढत राहिली आणि संशोधकांना वाढीसाठी रस्त्यावर उतरावे लागले.

दुसरे उत्तर सुरक्षेचे. संरक्षणाचे काम, इथे कोणालाही कायम करता येत नाही म्हणे. मग ज्याच्यावर दोन वर्षे भरवसा ठेवला, तो तिसऱ्या वर्षी धोकादायक होतो काय? आतल्या गोष्टी जाणणारा माणूस अनिश्चिततेत बाहेर सोडणे, हीच खरी सुरक्षेची चिंता असायला हवी.

अमेरिकेकडे बघा. तिथली सगळीच धोरणे आपल्याला पटतात असे नाही, आणि तिथल्या फेलोशिपही तात्पुरत्याच असतात. पण नॅशनल रिसर्च कौन्सिलची असोसिएटशिप १९५४ पासून सुरू आहे आणि हवाई दल, लष्कर यांच्या प्रयोगशाळा तिच्यात आहेत. वर्षातून चार वेळा अर्ज घेतले जातात. अर्जदार स्वतःचा संशोधन प्रस्ताव मांडतो आणि त्याची छाननी प्रयोगशाळेबाहेरचे तज्ज्ञ करतात. नव्या पीएच.डी.धारकांच्या जोडीला 'सीनियर' असा वेगळा गट आहे. पाच वर्षांहून जास्त अनुभव असलेला प्राध्यापकही तिथे काही काळ काम करून आपल्या विद्यापीठात परत जाऊ शकतो.

आपल्याकडे आर.ए.च्या दाराला पस्तिशीची कडी आहे. बाळंतपणात आणि घरात वर्षे गेलेली बाई, शाळेत शिकवत शिकवत उशिरा पीएच.डी. करणारा घरातला पहिला पदवीधर, ग्रामीण महाविद्यालयातला चाळिशीचा प्राध्यापक, हे सगळे बाहेर. डीआरडीओ विद्यापीठांना प्रकल्प देते, देशात तिची १५ उद्योग-शिक्षण उत्कृष्टता केंद्रे आहेत, हे चांगलेच आहे. पण प्रकल्पाचा पैसा बाहेर पाठवणे वेगळे आणि अनुभवी माणसाला सन्मानाने आत घेणे वेगळे.

आणि त्या दारापर्यंत पोहोचतो तरी कोण? पीएच.डी.साठी आधी पाच वर्षे पोट भरावे लागते. मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन, शीख, जैन, पारशी विद्यार्थ्यांना आधार देणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. इतर योजनांशी ती 'ओव्हरलॅप' होते, असे कारण तेव्हाच्या मंत्री स्मृती इराणी यांनी लोकसभेत दिले. एक विद्यार्थी एका वेळी एकच फेलोशिप घेतो, मग ओव्हरलॅप कसला? त्याच वर्षी अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्तीही गेली. शिडीची खालची पायरीही काढली आणि वरचीही. वर कलामांचा फोटो मात्र तसाच.

आपले म्हणणे साधे आहे. आर.ए.ची मुदत किमान तीन वर्षांची करा. चांगले काम करणाऱ्यांसाठी कायम भरतीत ठरावीक जागा ठेवा आणि प्रयोगशाळेतल्या अनुभवाला गुण द्या. वयाची अट काढून पीएच.डी.नंतरच्या अनुभवावर गट पाडा. प्राध्यापकांसाठी ज्येष्ठ फेलोशिपची नियमित, जाहीर योजना आणा. जे गुप्त नाही ते संशोधन स्वतःच्या नावाने छापण्याचा हक्क करारातच लिहून द्या. मौलाना आझाद फेलोशिप पुन्हा सुरू करा.

सगळ्यात आधी आकडे द्या. दहा वर्षांत किती आर.ए. घेतले, त्यांत महिला किती, कोणत्या समाजांतून किती आले, पुढे कायम किती झाले? यात कोणतेही लष्करी गुपित नाही. पण माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डीआरडीओचे नाव आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या तक्रारी सोडल्या तर तुम्ही-आम्ही अर्ज करून काही हाती लागणार नाही. खासदाराला मात्र संसदेत हा प्रश्न विचारता येतो. तेव्हा या महिन्यात आपापल्या खासदाराला पत्र लिहा आणि वरचे चार प्रश्न जसेच्या तसे त्यात उतरवा. उत्तर आले नाही, तर पुढच्या अधिवेशनाआधी पुन्हा लिहा.