सौदा महाग की स्वस्त?

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंब्याला मोहोर आला की कित्येक बागा व्यापाऱ्यांना कराराने दिल्या जातात. पुढे अवकाळी पावसाने मोहोर गळाला, तर सारा गाव म्हणतो, ‘व्यापारी बुडाला!’ आणि झाडे फळांनी लगडली, तर तोच गाव म्हणतो, ‘मालकाने बाग फुकट घालवली!’ वस्तुतः करार झाला त्या दिवशी पुढचे आभाळ दोघांनाही दिसत नव्हते. खेळाडूंच्या अदलाबदलीविषयी बोलतानाही लोक अशीच घाई करतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्स या क्रिकेटसंघाने हार्दिक पंड्या यास गुजरात टायटन्सकडून आपल्याकडे आणले. (खेळाडू ‘विकला’ असे म्हणण्याची रीत मला रुचत नाही. हात बदलतो तो करार, माणूस नव्हे.) त्याचे वर्षाचे मानधन १५ कोटी रुपये होते. शिवाय गुजरात संघास जी रक्कम दिली, ती जाहीर झाली नाही. विशेष हे की, २०१५ मध्ये मुंबईनेच हार्दिकला अवघ्या १० लाखांत घेतले होते आणि २०२२ च्या हंगामापूर्वी जाऊ दिले होते. गुजरातचा कर्णधार होऊन त्याने पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळविले, दुसऱ्या वर्षी संघास अंतिम सामन्यापर्यंत नेले.

मुलांनो, नुसत्या पैशाचा हिशेब केला, तर हा सौदा अविचाराचा ठरत नाही. त्याच वेळी कॅमेरॉन ग्रीन हा खेळाडू बंगळूरूच्या संघाकडे गेला आणि त्याच्यावर खर्च होणारे साडेसतरा कोटी मोकळे झाले. वेगवान गोलंदाजी व फटकेबाज फलंदाजी दोन्ही करणारा भारतीय खेळाडू दुर्मीळच.

परंतु किंमत केवळ रुपयांत मोजावयाची नसते. १५ डिसेंबर २०२३ रोजी हार्दिक कर्णधार होणार असे जाहीर झाले. पायउतार झाला तो रोहित शर्मा. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे त्याने मुंबईस मिळवून दिली होती. मुंबईकरांना तो घाव लागला. २०२४ च्या हंगामात प्रत्यक्ष वानखेडे मैदानावर, आपल्याच संघाच्या कर्णधाराची त्यांनी हुर्यो उडविली. संघ चौदांपैकी चारच सामने जिंकून तळाशी, दहाव्या क्रमांकावर राहिला.

ही हुर्यो मला मुळीच मान्य नाही. निर्णय संघचालकांचा होता. शिक्षा मात्र खेळाडूने भोगली. २९ जून २०२४ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अखेरचे षटक ह्याच हार्दिकने टाकले आणि रोहितच्या नेतृत्वाखाली भारत सात धावांनी विजयी झाला. ४ जुलैला वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला!

माझे मत विचाराल, तर खेळाडू आणला हे योग्य. कर्णधारपद इतक्या तातडीने बदलले हे महाग पडले. रोहितच्या हाताखाली हार्दिकला एक हंगाम खेळू दिले असते, तर लोकांनीही त्याला आपला मानले असते. २०२५ मध्ये हार्दिकच्याच नेतृत्वाखाली मुंबईने बाद फेरीत गुजरातला हरविले आणि पुढच्याच सामन्यात पंजाबकडून ती पराभूत झाली. तोपर्यंत सौद्याला दोन हंगाम लोटले होते. सहावे विजेतेपद काही हाती आले नव्हते.