परीक्षा आणि निजलेले विषाणु

वार्षिक परीक्षा जवळ आली कीं वर्गांत एकदोघांच्या तरी ओठांच्या कडेवर पाण्यानें भरलेल्या बारीक पुळ्या दिसूं लागतात. घरीं त्यांस उष्णता म्हणतात, सब्जाचें पाणी पाजतात, आणि आठदहा दिवसांत त्या सुकल्या म्हणजे गोष्ट विसरली जाते. उन्हानें व तापानें त्या उठतात हें खरें. परंतु मनाचा घोरही त्यांस कारण होऊं शकतो, हें आमच्या आईबापांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

या पुळ्या ज्या विषाणूमुळें येतात तो बहुधा बालपणींच शरीरांत शिरतो आणि पुनः कधींही बाहेर जात नाहीं. कवटीच्या आंत मज्जातंतूंची एक गांठ आहे; तींत तो वर्षानुवर्षें निजून राहतो. कांजिण्यांचा विषाणुही असाच दडतो व कधींकधीं उतारवयांत नागीण होऊन प्रगट होतो. यांच्यावर पांढऱ्या पेशींचा अहोरात्र पहारा असतो. पहारा ढिला पडला कीं निजलेला जागा होतो.

परीक्षेनें हा पहारा ढिला पडतो काय? अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठांत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर व त्यांचे पति रोनाल्ड ग्लेझर यांनीं हाच प्रश्न हातीं घेतला. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या ७५ विद्यार्थ्यांचें रक्त त्यांनीं परीक्षेपूर्वीं एक महिना व परीक्षेच्या पहिल्या दिवशीं तपासलें. विषाणुग्रस्त पेशींचा नाश करणाऱ्या पांढऱ्या पेशींचें बळ परीक्षेच्या दिवशीं घटलेलें आढळलें. हा निबंध १९८४ सालचा. पुढच्याच वर्षींच्या निबंधांत तीन निजलेल्या विषाणूंविरुद्धचीं प्रतिपिंडें परीक्षेच्या सुमारास वाढलेलीं, व उन्हाळ्याची सुटी भोगून आल्यावर उतरलेलीं दिसलीं. प्रतिपिंडें वाढलीं म्हणजे शक्ति वाढली, असें मात्र समजूं नये. विषाणु हालचाल करूं लागला, म्हणूनच शरीरास तीं अधिक करावीं लागलीं.

१९९८ सालचा प्रयोग तर डोळ्यांनीं पाहण्याजोगा आहे. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर एक लहानशी जखम सुटींत केली, व तशीच दुसरी परीक्षेपूर्वीं तीन दिवस. दुसरी भरून येण्यास सरासरीनें तीन दिवस अधिक लागले! अकरा मुलें म्हणजे थोडींच. आणि विषाणु हलला म्हणजे रोग झालाच, असेंही नाहीं. परीक्षा बंद करा, असें मीं म्हणत नाहीं.

मला जें म्हणावयाचें आहे तें घरासंबंधीं आहे. वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांची चार वर्षें पाहणी करून १९७९ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. एप्स्टीन-बार नांवाचा विषाणु ज्यांच्या शरीरांत नव्यानें शिरला, त्यांपैकीं कांहीं आजारी पडले, कांहींस पत्ताही लागला नाहीं. आजारी पडण्याचा संभव कोणांत अधिक? ज्यांची आकांक्षा मोठी पण गुण थोडे, आणि ज्यांचे वडील स्वतः फार मोठें यश मिळविलेले, त्यांच्यांत. येथें विषाणु प्रथमच शिरत होता, जागा होत नव्हता, हा भेद आहे. तथापि हें वाक्य वाचून मीं पुस्तक क्षणभर मिटून ठेवलें. मलाही एक मुलगा आहे.

आणखी एक गोष्ट. ओहायोच्या त्या विद्यार्थ्यांत जे एकाकी होते, त्यांची प्रतिकारशक्ति इतरांहून उणी भरली. आमच्याकडे शालान्त परीक्षेचें वर्ष लागलें कीं आपण काय करतों? मुलास खोलींत कोंडतों, मित्रांस दारावरून परत पाठवितों, ताटही आंतच नेऊन देतों, आणि यास त्याग म्हणतों. सब्जाचें पाणी खुशाल द्यावें. पण तें द्यावयाचें तर मुलास बाहेर माजघरांत बोलावून, सर्वांबरोबर पानावर बसवून द्यावें, आणि त्या अर्ध्या घटकेंत कितवा धडा झाला हें वडिलांनीं विचारूं नये.