रंगावर भुलू नका, सायकलीचा सांधा पाहा!

कोऱ्या कापडाचा तागा घेताना आम्ही तो आधी उजेडात धरून पाहतो. कुठे धागा तुटला, कुठे वीण विरळ झाली, कुठे तेलाचा डाग पडला, हे पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या व्यापाराने लावलेली ही सवय आहे. परंतु तीन वर्षांपूर्वी एका जुन्या सायकलीच्या बाबतीत आम्ही ही सवय विसरलो आणि त्याचे नुकसान एका गरीब कारीगराला सोसावे लागले. म्हणून आज कापडाऐवजी सायकलीवर लिहीत आहोत.

आमच्या मालेगावात यंत्रमागावर काम करणारा हा माणूस. घर गावाच्या एका टोकाला, माग दुसऱ्या टोकाला. रात्रपाळीला जायला रिक्षा मिळेना, मिळाली तर भाडे परवडेना. आम्ही त्याला पैसे उसने दिले आणि सायकल पाहायला सोबतही गेलो. ताजा काळा रंग, नवी सीट, चकचकीत घंटी! "घे, माल चांगला आहे," असे आम्हीच म्हणालो. विसाव्या दिवशी पहाटे पाळी संपवून घरी जाताना पुढचा चिमटा फ्रेमच्या तोंडाशी तुटला. खांद्याचे हाड मोडले आणि सहा आठवडे मजुरी बुडाली. मिस्त्रीने रंग खरवडला तेव्हा खाली जुने वेल्डिंग निघाले. विकणारा म्हणाला, "जुना माल आहे, तुम्ही पाहून घेतला होता ना!" त्याने ऐब लपवला हे खरे. पण आम्ही पाहिला तो फक्त रंग, हेही तितकेच खरे.

सायकल ही आता गरिबाचीच वस्तू राहिली, असे काही लोक हसून म्हणतात. त्यांनी जरा हिशेब करून पाहावा. समजा, जाता-येता रिक्षाचे चाळीस रुपये लागतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १,०४० रुपये होतात आणि सहा महिन्यांचे ६,२४०. एवढ्या रकमेत साधी, मजबूत सायकल दारात येऊ शकते. मात्र ती रोज चालली पाहिजे. जी सायकल आठवड्यातून दोनदा मिस्त्रीकडे उभी राहते, ती पाळीही चुकवते आणि खिसाही रिकामा करते.

नवी घ्यायची असेल तर आधी तीन गोष्टी विचारात घ्याव्यात : ओझे किती, रस्ता कसा आणि मिस्त्री कोण. शॉकअप, डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअर पाहून आमची तरुण मुले भुलतात. चढ-उताराच्या गावात गिअरचा उपयोग आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर जायचे तर एका गतीची सायकल पुरते. स्वस्तातले शॉकअप वजन वाढवते आणि पायाची ताकद खाते. अशा अनेक सायकलींना कॅरिअर नसते, मडगार्डही नसते. मग डबा आणि कापडाचे गाठोडे ठेवायचे कुठे?

आम्ही उमेदीच्या काळात ज्या काळ्या सायकलीवर तागे लादून पेढ्या हिंडलो, तिचे टायर २८ बाय दीड इंची होते. हे माप आजही मिळते. सायकल वीस किलोच्या आसपास जड असते, पण ओझे घेऊन डगमगत नाही. तिचे सुटे भाग कोणा एका कंपनीवर अडून राहत नाहीत. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी त्या सायकली रस्त्यावर आहेत. कारण चेन, फ्रीव्हील, कॉटर पिन, छर्रे हे सगळे लुधियानाच्या बाजारातून येतच राहते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपल्या मोहल्ल्यातील मिस्त्रीला विचारावे, "या सायकलीचा माल तुझ्याकडे मिळेल काय?" तो मान हलवेल तीच सायकल घ्यावी.

उंचीही पाहावी. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. दांडीवरून उभे राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. २२ आणि २४ इंची अशा दोन फ्रेम येतात. बुटक्या माणसाने सूट मिळते म्हणून मोठी फ्रेम घेऊ नये. पक्के बिल अवश्य मागावे. सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. ही सवलत गिऱ्हाईकाच्या पदरात पडली की नाही, ते बिलावरूनच कळते. नवी सायकलही महिनाभर चालवून एकदा मिस्त्रीकडे न्यावी, कारण तारा आणि नट नव्या मालात थोडे ढिले होतातच.

जुनी घेणाऱ्याने दिवसा जावे. दिव्याच्या उजेडात सौदा करू नये. प्रथम चिमट्याचा वरचा सांधा आणि हँडलखालच्या नळीमागचे जोड बोटाने चाचपावेत. तिथे रंग सुरकुतलेला असेल, चीर असेल किंवा वेल्डिंगचा उंचवटा लागला, तर कितीही स्वस्त असली तरी ती सायकल सोडून द्यावी. संपूर्ण सायकलला ताजा रंग असेल तर संशय दुप्पट करावा. मग समोर उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते पाहावे. चाक उचलून फिरवावे. रिम ब्रेकला एका बाजूने घासत असेल तर तारा ओढून आउट काढता येतो, पण रिमच चेपलेली असेल तर ती बदलावी लागते. दोन्ही क्रँक धरून आडवे हलवावेत. खटखट आली तर कॉटर पिन किंवा आतील छर्रे गेले समजावे.

चेन तपासायला आमची कापडवाल्यांची पट्टी उपयोगी पडते. चेनच्या एका पिनेवर शून्य धरावा. चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर आली तर चेन चांगली. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली तर चेन बदलावी. आठवा भाग गेली तर फ्रीव्हीलचे दातेही झिजले असण्याची शक्यता धरून तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. टायरच्या कडेला भेगा असतील तर तोही खर्च मोजावा. पाऊस लागला की लोखंडी रिमवर ब्रेक कमी धरतो, म्हणून झिजलेले ब्रेकचे रबर त्याच दिवशी बदलावे.

आणखी एक गोष्ट. फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, बहुधा पायडलच्या नळीखाली किंवा सीटच्या नळीवर. तो घासलेला दिसला तर तिथून निघून यावे. नंबर, तारीख, रक्कम आणि विकणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी घ्यावी. चोरीची सायकल स्वस्त मिळते खरी, पण ती हातात सापडली की पोलीस चौकीत उभे राहण्याची वेळ मजुरावरच येते.

शेवटी आमच्या विकणाऱ्या बांधवांना दोन शब्द. जुना माल विकणे हा चांगला धंदा आहे, त्यावर कित्येक घरे चालतात. पण तुटका चिमटा रंगवून विकणे याला व्यापार म्हणत नाहीत. आम्ही डागी तागा डागी म्हणूनच विकतो. भाव दोन पैसे कमी येतो, पण गिऱ्हाईक पुन्हा येते. ऐब सांगून विकलेल्या मालातच बरकत असते. आणि ज्यांना कोणी सायकल पाहायला सोबत बोलावतो, त्यांनी आमच्यासारखे नुसते "घे" म्हणू नये. आधी वाकून सांधा पाहावा. त्या कारीगराने आमच्याकडे तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. तेच आम्हाला अजून खटकते.